चालत्या प्रोग्रामात मेथड शोधणं खरंच इतकं महाग पडतं का?

खांडेपारचा | सोमवार, रात्री ९:५०

मंडळी, धागा तांत्रिक आहे. कंटाळा येणाऱ्यांनी पाककृती विभागात जावं, तिथे शाकुतीत नारळ किती भाजायचा यावरून कालपासून जुंपली आहे.

मी पणजीला पाटोवर एका छोट्या कंपनीत आहे. हॉटेलांचं बिलिंग सॉफ्टवेअर करतो. गाभा जावात आहे, पण दराचे नियम ग्रूव्हीत (जावाच्याच यंत्रणेवर चालणारी डायनॅमिक भाषा), कारण प्रत्येक हॉटेलवाल्याची तऱ्हा वेगळी. कोणाचा नाताळाचा दर २० डिसेंबरला लागतो, कोणाचा २३ ला, कोणी पावसाळ्यात तीन रात्रींवर चौथी फुकट देतो. हे नियम डेटाबेसमध्ये मजकूर म्हणून ठेवलेत आणि बिल करताना चालवतो.

जून-जुलैत सगळं गुळगुळीत होतं. आता सीझन लागलाय. सकाळी दहा-अकराला चेकआउटची गर्दी झाली की एकेका बिलाला दीड-दोन सेकंद लागतात. काउंटरवर पाहुणा बॅग घेऊन उभा, टॅक्सीवाला बाहेर हॉर्न मारतोय, आणि रिसेप्शनवरची मुलगी मला फोन करते.

आमचे सिनियर म्हणतात, "ग्रूव्ही डायनॅमिक आहे, दर हाकेला नावावरून मेथड शोधत बसते. जावात कंपाइल होतानाच सगळं ठरलेलं असतं. सगळे नियम जावात लिहून काढ." नियम १४० आहेत.

तर प्रश्न असा, की मेथडला (म्हणजे वस्तूवर चालवायच्या फंक्शनला) हाक मारली की खरंच दर हाकेला नव्याने शोध होतो का? आणि स्टॅक ट्रेसमध्ये इन्व्होकडायनॅमिक नावाचं जे प्रकरण दिसतं ते नेमकं करतं काय?

---

सेमीकोलन | सोमवार, रात्री १०:०४

सिनियर बरोबर आहेत. लिहून काढ. धागा बंद.

---

पोई_भाजी | सोमवार, रात्री १०:११

१४० नियम म्हणजे पुढचा सीझन येईल रे.

---

शून्यसूचक | सोमवार, रात्री १०:४०

सिनियरांचं अर्धं बरोबर आहे, आणि ते अर्धंच जास्त घोटाळा करतं.

दर हाकेला शोध घेणं ही सगळ्यात भोळी पद्धत. फार जुन्या इंटरप्रिटरांत तसं होतं. पण हा प्रश्न स्मॉलटॉक या भाषेवाल्यांनी १९८४ सालीच सोडवून ठेवलाय. डॉइच आणि शिफमन या दोघांचा निबंध आहे. त्यांनी पाहिलं की कोडात एका विशिष्ट ठिकाणाहून हाक मारली, की समोर येणारी वस्तू बहुतेक वेळा त्याच क्लासची (प्रकारची) असते. मग शोधाचं उत्तर त्या हाकेच्या जागीच लिहून ठेवायचं. पुढच्या खेपेला फक्त एवढंच तपासायचं, की समोरचा तोच क्लास आहे ना? असेल तर थेट उडी. नसेल तर पुन्हा शोध. याला इनलाइन कॅशे म्हणतात.

म्हणजे शोध 'दर हाकेला' नाही आणि 'एकदाच कंपाइल करताना' पण नाही. दर जागेला एकदा, आणि अंदाज चुकला तर पुन्हा. खरी किंमत मोजायची असेल तर अंदाज किती वेळा चुकतो ते मोजा.

---

डिचोलीकरीण | सोमवार, रात्री ११:०२

शून्यसूचक, छान सांगितलंत. हे वाचताना मला आमचा पोदेर (पाववाला) आठवला.

माझ्या माहेरी फाटकाला एक खिळा आहे. आई त्यावर हिरवी कापडी पिशवी टांगते. पोदेर सायकलवरून येतो, पों पों करतो, हिरवी पिशवी दिसली की न थांबता, न विचारता चार उंडे आणि दोन पोई टाकतो आणि पुढे जातो. आई बाहेरसुद्धा येत नाही. पण आम्ही मुलं सुट्टीला आलो की आई तिथे मोठी पिवळी पिशवी लावते. त्या दिवशी तो सायकल स्टँडला लावतो, हाक मारतो, "बाय, आज कितले?"

हिरवी पिशवी पाहणं म्हणजे तुमची ती तपासणी. विचारणं म्हणजे पूर्ण शोध. जमलं का?

---

शून्यसूचक | सोमवार, रात्री ११:०९

ताई, दंडवत. माझे तीन परिच्छेद वाया गेले.

---

पेठेतला | सोमवार, रात्री ११:१५

पुण्यात दूधवाला न विचारता एक पिशवी कमी टाकतो. हाही कॅशेच का?

---

पोई_भाजी | सोमवार, रात्री ११:१८

तो बग.

---

म्हापसा_शुक्रवार | मंगळवार, सकाळी ७:३०

पोदेराचं उदाहरण पुढे ताणतो. एकत्र कुटुंबात तीन जावा, तीन पिशव्या. पोदेर तीनही लक्षात ठेवतो, हिरवी चार, निळी सहा, पट्ट्यापट्ट्यांची नुसते काकणां. याला बहुरूपी इनलाइन कॅशे म्हणता येईल. हे काम सेल्फ या भाषेसाठी हॉल्झले, चेंबर्स आणि अंगर यांनी १९९१ ला मांडलं. पण फेस्ताच्या दिवशी चॅपेलसमोर पन्नास घरांची माणसं एकदम आली तर पोदेर पिशव्या बघत बसत नाही, सरळ प्रत्येकाला विचारतो. कारण पन्नास पिशव्या ताडून पाहण्यापेक्षा विचारणं स्वस्त.

ही मर्यादा रनटाइमागणिक वेगळी. क्रोमच्या व्ही८ इंजिनात एका जागी चार आकारांपर्यंत लक्षात ठेवतात, त्यापुढे 'इथे काहीही येतं' असा शिक्का. जावाच्या हॉटस्पॉटची नोंद त्याहून आखूड, मूळ सेटिंगमध्ये एका जागी दोनच क्लास. म्हणून कुठलाही एकच सार्वत्रिक फंक्शन, ज्यातून सगळ्या जातीच्या वस्तू जातात, तो हमखास हळू असतो. खांडेपारचे भाऊ, तुमच्याकडे 'नियम लागू कर' असा एकच दरवाजा आहे का?

---

सेमीकोलन | मंगळवार, सकाळी ९:१२

पाव, पिशव्या, जावा (दोन्ही अर्थांनी) सगळं झालं. मुद्दा तोच राहतो. स्टॅटिक भाषेत पोदेराला काही बघायलाच लागत नाही. चूक कंपाइल करतानाच कळते. डायनॅमिकमध्ये मेथडचं नाव चुकलं तर ते पाहुणा काउंटरवर उभा असताना कळतं. वेगाचं सोडा, मला रात्री झोप हवी.

---

वाळपईची_वाट | मंगळवार, सकाळी ९:४५

सेमीकोलन, झोपेचं मान्य. पण 'जावात कंपाइल होतानाच सगळं ठरतं' हे चूक आहे आणि त्या चुकीपायी मी एक आख्खी चतुर्थी घालवली आहे.

जावाच्या क्लास फाइलमध्ये मेथडचा पत्ता नसतो. असतं ते नुसतं नाव: अमुक क्लास, अमुक मेथड, इतके पॅरामीटर, आणि परत काय मिळणार. ती ओळ पहिल्यांदा चालते तेव्हा जेव्हीएम (जावा चालवणारं आभासी यंत्र) ते नाव शोधून जोडतं. म्हणजे जोडणी जावातही चालतानाच होते.

आता गंमत. जावा ८ मध्ये कॉन्करंट-हॅशमॅपच्या की-सेट या मेथडचा परतीचा प्रकार बदलला. सोर्समध्ये काहीच फरक नाही, दोन्हीकडे निमूट कंपाइल होतं. पण तुम्ही ८ वर बांधलं, टार्गेट ७ असं सांगितलं, आणि ७ च्या सर्व्हरवर टाकलं, तर चालताना 'नो सच मेथड एरर'. कारण परतीचा प्रकार हाही त्या नावाचा भाग. मेथड समोर उभी आहे, पण आडनाव बदललंय म्हणून ओळख नाही.

मी तेव्हा ज्या कंपनीत होतो तिथे बिल्ड मशीन ८ वर आणि गिऱ्हाइकाचा सर्व्हर ७ वर. घरी वाळपईला माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधायची होती. सगळे कांगलां, नारळ, तोरिंगां बांधत होते आणि मी मोबाइलला रेंज मिळावी म्हणून माडाखाली उभा राहून एरर वाचत होतो. स्टॅटिक भाषा, महाराज.

---

सेमीकोलन | मंगळवार, सकाळी ९:५८

हे दुखलं. मान्य. पण तो बिल्डचा गाढवपणा, भाषेचा नव्हे.

---

वाळपईची_वाट | मंगळवार, सकाळी १०:०३

मग ग्रूव्हीचंही तसंच असू शकेल की. आधी गाढव शोधू या.

---

आबोली | मंगळवार, दुपारी १:२०

दुसऱ्या प्रश्नाला अजून कोणी हात लावलेला नाही, म्हणून मी लावते. (जेवणाची सुट्टी आहे, वरणभात गार होतोय.)

जेव्हीएममध्ये आधी मेथड बोलावण्याचे चार हुकूम होते: व्हर्च्युअल, स्पेशल, स्टॅटिक, इंटरफेस. बाइटकोडात (जेव्हीएमला कळणाऱ्या भाषेत) त्यांचे आकडे १८२ ते १८५. १८६ हा आकडा वर्षानुवर्षं रिकामा होता. हे चारही हुकूम जावाच्या नियमांनी बांधलेले, म्हणजे मेथड शोधायची ती जावा शोधते तशीच. जेरूबी (जेव्हीएमवरची रूबी) किंवा ग्रूव्हीवाल्यांना हवे होते त्यांचे स्वतःचे नियम. रूबीत मेथड नसेल तर 'मेथड मिसिंग'कडे जा, ग्रूव्हीत चालताना क्लासला नवी मेथड चिकटव, वगैरे. ते बिचारे रिफ्लेक्शन (चालताना नावावरून मेथड शोधून चालवण्याची सोय) आणि स्वतःच्या कॅशे घेऊन काम भागवायचे, आणि जेआयटीला (वारंवार चालणारा, 'तापलेला' कोड चालतानाच यंत्रभाषेत आणणाऱ्या कंपाइलरला) त्या गुंत्यातून आरपार काही दिसायचं नाही.

मग जॉन रोझ यांच्या पुढाकाराने जेएसआर २९२ (जावातल्या बदलाचा प्रस्ताव) आलं आणि २०११ ला जावा ७ मध्ये १८६ या रिकाम्या जागेवर इन्व्होकडायनॅमिक बसलं. त्याचं काम असं: ती ओळ पहिल्यांदा चालली की जेव्हीएम भाषेनेच दिलेल्या एका मेथडला विचारतं, 'इथे काय जोडू?' तिला बूटस्ट्रॅप मेथड म्हणतात. ती एक कॉल साइट परत देते, आणि त्या साइटमध्ये एक मेथड हँडल असतं, म्हणजे थेट चालवता येणारं बोट. पुढच्या वेळी बूटस्ट्रॅपला कोणी विचारत नाही. साइट कायमची असू शकते किंवा बदलती. बदलतीत भाषा स्वतः आधी तपासणी बसवते: क्लास तोच असेल तर हे हँडल, नसेल तर माझ्याकडे परत ये.

म्हणजे डिचोलीकरीण ताईंचा खिळा आणि पिशवी, फक्त पोदेराला नियम शिकवणारी आई आता प्रत्येक घराची वेगळी. आणि जेआयटीला हे सगळं उघडं दिसतं, त्यामुळे तापल्यावर हाकच नाहीशी होऊन आतला कोड जागीच येऊन बसतो.

गंमत म्हणजे हे ज्यांच्यासाठी केलं त्यांच्याइतकाच खुद्द जावाने फायदा उठवला. जावा ७ चा जावा कंपाइलर हा हुकूम वापरतच नव्हता. २०१४ ला जावा ८ आलं आणि प्रत्येक लॅम्डा (निनावी फंक्शन) याच वाटेने जाऊ लागला. जावा ९ पासून दोन स्ट्रिंग जोडणंसुद्धा. तेव्हा सिनियरांना सांगा, तुमच्या जावातही १८६ गच्च भरलाय.

---

खांडेपारचा | मंगळवार, दुपारी २:०५

आबोलीताई, हे प्रिंट काढून सिनियरांच्या टेबलावर ठेवू का? की नोकरी गेल्यावर ठेवू?

---

आबोली | मंगळवार, दुपारी २:०८

वरणभात गरम करून घेतला. तुम्ही आधी ग्रूव्ही कोणती ते सांगा. ४ पासून इन्व्होकडायनॅमिक आपोआप असतं. त्याआधी वेगळं चालू करावं लागे.

---

खांडेपारचा | मंगळवार, दुपारी २:१५

४ आहे.

---

जुना_खलाशी | मंगळवार, संध्याकाळी ६:४०

मी संगणकवाला नव्हे, सरकारी नोकरीतून निवृत्त. पण मुलगा या धंद्यात, म्हणून वाचतो. तुमचं ते 'परत ये' वाचून एक आठवलं.

मी बेतीहून रोज पणजीला ऑफिसला जायचो. मांडवीवर पूल होता, बस पाच मिनिटांत पार. पूल आहे हे गृहीत धरूनच सगळ्यांची घड्याळं लागलेली. जुलै १९८६ मध्ये तो पूल कोसळला. ऐन पावसाळा. त्या दिवसापासून सगळी माणसं, सगळा माल फेरीबोटीवर. मला कोणी येऊन सांगितलं नाही की बाबा रे, आजपासून तुझा रस्ता बदलला. पुलाच्या तोंडाशी गेलं की कळायचंच. तुमच्यात असं होतं का, की एक गोष्ट मोडली आणि सगळ्यांचे रस्ते एकदम फिरले?

---

शून्यसूचक | मंगळवार, संध्याकाळी ७:१०

काका, तंतोतंत होतं. नमस्कार घ्या.

त्याला स्विचपॉइंट म्हणतात. हजारो कॉल साइट एका खटक्यावर टांगलेल्या असतात. खटका पडला की त्या सगळ्या एकदम हळू वाटेवर. खटका शाबूत आहे तोवर तपासणीचा खर्च जवळजवळ शून्य, कारण जेआयटी तो पूल आहेच असं धरून कोड बनवतो. पडला की तो बनवलेला कोड फेकून द्यायचा आणि इंटरप्रिटरच्या फेरीबोटीत बसायचं. म्हणून फेरीबोट कधी मोडीत काढायची नसते.

आणि खांडेपारचे भाऊ, इथे कान द्या. ग्रूव्हीत चालत्या प्रोग्रामात कोणी मेटाक्लास (कोणत्या क्लासला कोणत्या मेथड, याची नोंद) बदलला तर हाच खटका पडतो. तुमचा एखादा नियम बिल करताना स्ट्रिंगला किंवा तारखेला नवी मेथड चिकटवत असेल, तर दर बिलाला तुम्ही पूल पाडताय. जुन्या रूबीत हेच होतं. २.१ च्या आधी कुठेही एक मेथड नवी केली की सगळ्या जगाची कॅशे पुसली जायची. मी एका कामात दर विनंतीला वस्तूला मॉड्यूल जोडत होतो, फार सुंदर दिसायचं कोड. सर्व्हर घामाघूम.

---

जुना_खलाशी | मंगळवार, संध्याकाळी ७:३२

समजलं असं वाटतंय. मुलाला विचारून खात्री करतो. तो म्हणेल, बाबा तुम्हाला हे कोणी सांगितलं.

---

पोई_भाजी | मंगळवार, रात्री ८:००

कॅशे म्हणा की कॅश, आमच्या पोदेराकडे आता क्यूआर कोड आलाय. टोपलीच्या निळ्या प्लॅस्टिकवर चिकटवलाय. पावसात स्कॅन होत नाही.

---

पेठेतला | मंगळवार, रात्री ८:०६

पोई आणि उंडो यात फरक काय? आम्हाला दोन्ही पावच.

---

डिचोलीकरीण | मंगळवार, रात्री ८:१५

अहो पेठेतले! पोई चपटी, वरून कोंडा लावलेली, आत पोकळ. उंडो गोल आणि कडक. तुमच्या कॅशेत दोन क्लास एकच लागलेत, म्हणून चुकीची मेथड चालतेय.

---

प्रशासन | मंगळवार, रात्री ८:३०

'पोदेर' हा शब्द मराठी की कोंकणी यावर आलेले चार प्रतिसाद उडवले आहेत. तो वाद नवीन धाग्यातही नको.

---

खांडेपारचा | बुधवार, दुपारी १२:३०

शून्यसूचक, सगळे १४० नियम ग्रेप करून (मजकूर शोधून) पाहिले. मेटाक्लासला हात लावणारी एकच जागा आहे आणि ती सर्व्हर सुरू होताना एकदा चालते. पूल शाबूत आहे. आज पुन्हा अकरा वाजता तेच. चार वाजता गर्दी नसताना पण बिलाला पाऊण सेकंद जातोच.

सेमीकोलन, एक नियम जावात लिहून बघितला. तो झटकन चालतो. सिनियर खूश.

---

सेमीकोलन | बुधवार, दुपारी १२:४१

मी काही बोलत नाही. :)

---

आबोली | बुधवार, दुपारी १:०५

थांबा. एक विचारते. सर्व्हर सकाळी सुरू केल्यावर पहिलं बिल आणि संध्याकाळचं हजारावं बिल, यात वेग वाढतो का? थोडा तरी?

---

खांडेपारचा | बुधवार, दुपारी १:२२

नाही. लॉग बघितला. पहिल्या दहा-वीस बिलांत थोडा सुधारतो, मग दिवसभर तिथेच. उलट संध्याकाळी कधीकधी जास्तच रेंगाळतो.

---

आबोली | बुधवार, दुपारी १:३०

मग हे जोडणी महाग असल्याचं लक्षण नाही. जोडणी महाग असती तर पहिल्यांदा हळू आणि नंतर सुसाट असं दिसलं असतं. पायथनवाल्यांना हे माहीत आहे, ३.११ पासून तिथेही बाइटकोडची ओळ काही वेळा चालली की स्वतःला त्या क्लासपुरती विशेष करून घेते. जिथे दिवसभर तापतच नाही, तिथे दर वेळी जागाच नवी असली पाहिजे. क्लास-लोडिंगचा लॉग चालू करा आणि पाच बिलं काढा.

---

खांडेपारचा | बुधवार, दुपारी ३:४८

लॉगमध्ये ही ओळ: स्क्रिप्ट१. मग परत स्क्रिप्ट१. परत स्क्रिप्ट१. मधेमधे स्क्रिप्ट१ च्या क्लोजरचे क्लास. पाच बिलांत स्क्रिप्ट१ एकशे बारा वेळा लोड झाला! एकच क्लास इतक्या वेळा कसा लोड होतो? नाव तर तेच आहे.

---

वाळपईची_वाट | बुधवार, दुपारी ४:०२

सापडलं गाढव.

नाव तेच म्हणून क्लास तोच नव्हे. जेव्हीएमला क्लासची ओळख म्हणजे नाव अधिक त्याला आणणारा क्लासलोडर. आमच्या वाड्यावर पाच बाबल आहेत. नुसतं 'बाबल' म्हणून हाक मारली तर पाचही जण वळून बघतात, घराचं नाव लावलं की कळतं कोण ते. तुमचे एकशे बारा बाबल एकशे बारा घरचे आहेत.

तुम्ही दर नियमाला नवीन ग्रूव्हीशेल (मजकूर कंपाइल करून चालवणारी वस्तू) करताय ना? प्रत्येक शेलचा मोजणीचा आकडा एकपासून सुरू होतो, म्हणून सगळे स्क्रिप्ट१.

---

खांडेपारचा | बुधवार, दुपारी ४:०७

हो. न्यू ग्रूव्हीशेल, इव्हॅल्युएट, मजकूर. एका ओळीत. चार वर्षांपूर्वीची ओळ आहे. लिहिणारा आता दुबईला आहे.

---

शून्यसूचक | बुधवार, दुपारी ४:२०

आणि हे पहिल्याच पोस्टीत लिहिलं होतं तुम्ही, 'मजकूर म्हणून ठेवलेत आणि बिल करताना चालवतो'. आम्ही सगळे पोई खात बसलो. माझ्यासकट.

होतंय काय ते पहा. दर बिलाला मजकुराचं पार्सिंग, कंपाइल, नवीन क्लास, त्यात कोऱ्या करकरीत कॉल साइट. प्रत्येक साइटचं बूटस्ट्रॅप. साइट एकदा चालते आणि मरते. कॅशे लिहिली जाते, पण वाचायला कोणी परत येतच नाही. जेआयटी एखादा कोड हजारो वेळा चालला की हात घालतो, इथे तो एकदाच चालतो. पोदेर रोज नव्या गावात जातोय.

आणि संध्याकाळचं रेंगाळणं मेटास्पेसमुळे असेल. क्लासची माहिती तिथे साठते, लोडर सुटल्याशिवाय ती रिकामी होत नाही. जून-जुलैत दिवसाला दहा बिलं, कोणाला कळणार.

---

सेमीकोलन | बुधवार, दुपारी ४:३३

म्हणजे जावात लिहिलेला नियम झटकन चालला तो जावा म्हणून नव्हे, आधीच कंपाइल होता म्हणून.

बरं. १४० नियम नका लिहू.

---

पोई_भाजी | बुधवार, दुपारी ४:३५

सेमीकोलनने माघार घेतली! स्क्रीनशॉट काढून ठेवा.

---

म्हापसा_शुक्रवार | बुधवार, संध्याकाळी ५:५०

उपाय सोपा. मजकूर एकदा पार्स करून मिळालेला क्लास एका मॅपमध्ये ठेवा, किल्ली म्हणून नियमाचा क्रमांक आणि त्याची आवृत्ती. हॉटेलवाल्याने दर बदलला की आवृत्ती बदलेल, तेव्हाच नवा क्लास. क्लासच ठेवा हं, तयार केलेली स्क्रिप्ट ठेवू नका. स्क्रिप्टला तिचं स्वतःचं बाइंडिंग असतं, खोलीचा नंबर, रात्री, पाहुणा सगळं त्यात. दर बिलाला त्या क्लासपासून नवीन वस्तू बनवा, ते स्वस्त आहे. कॉल साइट क्लासच्या कोडात राहतात, त्यामुळे तापलेल्या तशाच मिळतात.

---

खांडेपारचा | गुरुवार, दुपारी १२:१०

काल चार वाजता वाचलं आणि उत्साहात साडेपाचला टेस्ट सर्व्हरवर टाकलं. पहिल्या बिलांना तेवढाच वेळ, मग उतरत उतरत शंभरेक बिलांनंतर डोळ्याला कळेनासं. सिनियर स्वतः खुर्ची ओढून शेजारी बसले.

म्हापशेकरांचा प्रतिसाद मात्र मी आज सकाळी वाचला. मी स्क्रिप्टच ठेवली होती.

टेस्टिंगवाल्या मुलीने दोन खिडक्या उघडून दोन बिलं एकदम काढली. २०७ मधल्या जोडप्याच्या बिलात २०४ मधल्या माणसाची धुलाई, तीन शर्ट आणि एक कोट. तिने विचारलं, "सर, हे पण फास्ट झालं म्हणायचं का?"

आता क्लास ठेवलाय, वस्तू दर वेळी नवी. दहा खिडक्यांनी मारून बघितलं, शर्ट ज्याचे त्याच्याकडे. शुक्रवारी रात्री चढवतोय. शनिवारी अकराला फोन वाजला तर इथेच येईन.

---

म्हापसा_शुक्रवार | गुरुवार, दुपारी १२:४०

बुधवारी ५:५० ला लिहिलं होतं हो.

---

जुना_खलाशी | गुरुवार, संध्याकाळी ६:१५

मुलाला स्विचपॉइंट सांगितलं. तो म्हणाला, त्याने कधी वापरलेलं नाही. मी सांगितलं, तू पूल पडलेला पाहिला नाहीस.

---

खांडेपारचा | शनिवार, दुपारी २:३०

फोन वाजला. रिसेप्शनवरची मुलगी. म्हणाली, बिल इतक्या लवकर येतंय की प्रिंटरला कागद भरायला वेळ मिळत नाही, काहीतरी करा.